प्लास्टिकचा पानमळा

बाबांनी पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये ३४ वर्षं काढली. निवृत्त झाले त्याच दिवाळीत त्यांनी तळेगाव दाभाड्याच्या आमच्या घरामागं, कंपाउंडची भिंत आणि सीताफळाचं झाड यांच्यामधल्या जागेत, २० फूट लांब आणि १० फूट रुंद असं हरितगृह उभं केलं. 'हरितगृह' हा शब्द त्यांच्या वहीतला. आई त्याला नुसतं 'ते' म्हणते. "ते आवरा आणि जेवायला या."

आत्याला शब्द सापडायला दोन मिनिटं लागली.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. मिरजेजवळ पानमळ्यांच्या पट्ट्यात दिलेली, सासरी तीन पिढ्या पानवेलींच्या. पासष्टी उलटली तरी मळ्यात एक फेरी झाल्याशिवाय तिला सकाळचा चहा गोड लागत नाही. यंदा एप्रिलात ती आमच्याकडं आली आणि बाबा तिला ऐन बारा वाजता मागच्या दारी घेऊन गेले. मीही निघाले. या दोघांचं भांडण ऐकायला मला लहानपणापासून आवडतं.

"ये अक्का, आत ये. दाराला स्प्रिंग लावलीय, आपोआप मिटतं."

आत्यानं दाराशी चपला काढल्या.

"अगं घाल की, आत नुसती माती आहे."

"मळ्यात चपला घालून जात न्हाईत," ती म्हणाली आणि वाकून आत शिरली. बाहेर आली तेव्हा कपाळ, मान, पोलक्याच्या बाह्या, सगळं ओलंचिंब.

"बाळू, ही भट्टी हाय रं."

बाबांनी खांबाला टांगलेला थर्मामीटर काढून आणला. बाहेर ३८, आत ४७. यंत्राचा रिपोर्ट द्यावा तसे ते आकडे वाचून दाखवले आणि म्हणाले, "मला माहितीय."

"म्हाईत हाय, तर ती टमाटी कुणासाठी लावलीस?"

वाफ्यांत टोमॅटोची बारा झाडं होती. छातीएवढी उंच, हिरवीगार, आणि पिवळी फुलं सगळी खाली मातीत पडलेली.

"दिवसा पस्तिसाच्या वर गेलं की टोमॅटोचे परागकण कामातून जातात. झाड वाढतं, पण फळ धरत नाही. तू डिसेंबरात यायला हवं होतंस. पहाटे बाहेर १० अंश, बाहेरची रोपं आखडून बसलेली. रात्रीचा आतबाहेर फारसा फरक नसतो, हे मला मोजल्यावर कळलं. पण सूर्य वर आला की आत तासाभरात पंचविसावर. फेब्रुवारीत २५ किलो टोमॅटो निघाले."

"थंडी किती दिस असतीया तुमच्याकडं?"

"दोन-अडीच महिने."

"म्हंजे अडीच महिने घर आन साडेनऊ महिने भट्टी. कितीला पडलं?"

बाबा सीताफळाकडं बघायला लागले. "२८ हजार," मी सांगून टाकलं.

"चार आण्याची कोंबडी आन बारा आण्याचा मसाला!"

पडवीत ताक पिताना बाबांनी बाजू मांडायला घेतली. त्यांचा स्वभाव असा, की हरायला आले की ते तत्त्वाकडं वळतात.

"अक्का, हे घर तापतं कसं, ते ऐक. शाळेत मला शिकवलं होतं, की काच ऊन आत घेते आणि उष्णतेचे किरण बाहेर सोडत नाही. १९०९ साली रॉबर्ट वुड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं ते तपासून बघितलं. दोन पेट्या घेतल्या. एकीवर काच, दुसरीवर सैंधवाची पारदर्शक चकती. सैंधवातून उष्णतेचे किरण आरपार जातात, काचेतून जात नाहीत. तरी दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या, ५५ अंशांच्या आसपास. म्हणजे मुख्य कारण काय निघालं? आतली तापलेली हवा कोंडून राहते, हे. हवा सुटली की सगळं सुटलं."

"एवढ्यासाठी मीठ कशाला लागतंय? उन्हात हुभ्या केलेल्या यष्टीत खिडक्या लावून बसायचं."

बाबांना हसू आलं, पण सोडतील कसले. त्यांनी लंडनचं क्रिस्टल पॅलेस काढलं. १८५१ च्या प्रदर्शनासाठी ते काचेचं प्रचंड दालन ज्यानं आखलं तो जोसेफ पॅक्स्टन पेशानं माळी होता. चॅट्सवर्थच्या बागेत कमळांसाठी काचघरं बांधता बांधता तो ते तंत्र शिकला. मग त्याच धर्तीवर १८८९ साली बंगळुरूच्या लालबागेत काचघराची पायाभरणी झाली. बाबांना हा माळी फार प्रिय. शिक्का नसलेल्या माणसानं हातानं करून दाखवलं, असलं काही सापडलं की टूलरूमवाल्याचा ऊर भरून येतो.

आत्यानं ताकाचं भांडं खाली ठेवलं.

"त्याच्याकडं ऊन न्हवतं, म्हणून त्यानं ऊन कोंडलं. तुला काय कमी पडलंय?"

याला बाबांकडं त्या दुपारी उत्तर नव्हतं. खरं तर ते त्यांनी मार्चमध्येच शोधायला हवं होतं. हिवाळ्यात त्यांनी जे व्हिडिओ पाहिले होते ते सगळे बर्फ पडणाऱ्या गावांतले. चारी बाजू बंद, फटी सिलिकॉननं भरलेल्या, कडेला पाण्याचे काळे पिंप, म्हणजे दिवसाची ऊब रात्री पुरवून वापरता यावी. तळेगावात एप्रिलात ऊब पुरवून वापरायची म्हणजे विहिरीत पाणी ओतण्यापैकीच. पण बाबांनी केलेलं काम मात्र चोख होतं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. एक इंची जीआय पाइप, अडीच फूट खोल खड्डे, प्रत्येक पाइपाच्या बुडाला आडवी सळई जोडून वर काँक्रीट. शेजारच्यांनी विचारलं होतं, एवढ्या हलक्या छपराला इतका खोल पाया कशाला? बाबा म्हणाले, छपराचं वजन पेलायला पाया घालत नाहीत, छप्पर उडू नये म्हणून घालतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं, त्यानंतर मावळातल्या फुलांच्या पॉलिहाउसांचे कागद विजेच्या तारांवर लोंबताना त्यांनी पाहिले होते.

कागद म्हणजे प्लास्टिक. शेततळ्याचा कागद, मल्चिंगचा कागद, तसा हा पॉलिहाउसचा कागद. आणि नेमका तिथंच बाबा फसले होते. जवळच्या एका दुकानदारानं "यूव्हीचाच आहे" म्हणून साधा कागद गळ्यात मारला. अतिनील किरणांना टिकणारा २०० मायक्रॉनचा कागद तीनेक वर्षं चालतो. हा पाच महिन्यांत पिवळा पडून पापडासारखा झाला. आत्यानं छपराच्या कमानीवर बोट ठेवलं तर ते आरपार गेलं.

"पाइपावर टेकतो तिथंच फाटलाय बघ सगळा," ती म्हणाली.

"पाइप तापतो. कागदाला तिथं ऊनही लागतं आणि चटकाही."

"मग कागद बदलायचाच हाय. आता नीट विचार करून बदल."

म्हणून भांडण पुढं सरकलं. कागद धड असता तर बाबांनी तो काढला नसता, आणि आत्याचं बोलणं ताकाबरोबर संपून गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा वही घेऊन बसले आणि आत्याला म्हणाले, "तुमच्या मळ्यात मे महिन्यात वेली कशा जगतात, सांग."

"जगतात म्हंजे काय? सावलीत जगतात."

"असं नको. पहिल्यापासून सांग."

मग आत्यानं सांगितलं, ते मी ऐकत राहिले. आधी शेवरी पेरायची, जोडीला शेवगा आणि हादगा. ती झाडं वर गेली की त्यांच्या बुडाशी पानवेल लावायची. वेल चढेल तसतशी ती झाडाला लव्हाळ्यानं बांधत जायची. सुतळी काचते, लव्हाळा काचत नाही. मळ्याच्या कडेनं दाट कुंपण, आडव्या वाऱ्याला अटकाव म्हणून. वारा लागला की पान फाटतं, आणि फाटक्या पानाला गिऱ्हाईक नाही. पावसाळा आला, आभाळ भरून राहायला लागलं, की शेवरी-शेवग्याच्या फांद्या छाटायच्या, म्हणजे उजेड खाली उतरतो. उन्हाळ्यापर्यंत त्या पुन्हा फुटून दाट होतात. वर्षातून एकदा वेल उतरवायची, तिचं बुडाकडचं पान गेलेलं अंग मातीत गाडून शेंडा पुन्हा वर चढवायचा.

"मे महिन्यात बाहेर पाय भाजतात, मळ्यात शिरलं की अंगावर गार वारं येतं," आत्या म्हणाली. "वारं म्हंजे वारं न्हवं. गारवा."

बाबांनी पेन खाली ठेवलं. "अक्का, हे हरितगृहच झालं की! सावली आहे, वाऱ्याला आडोसा आहे, आत ओल आहे, ऋतूप्रमाणं उजेड कमीजास्त करता येतो. बंगाल-ओडिशाकडं तर पानासाठी बांबू आणि काड्यांचं घरच बांधतात, चारी बाजूंनी आणि वरनंही झाकलेलं. बरज म्हणतात त्याला."

"आमच्यात घर बांधत न्हाईत. झाड लावतात. तुझा कागद उन्हाळ्यात दाट हुतो का? पावसाळ्यात इरळ हुतो का? आमची शेवरी हुती."

"शेवरी वर यायला दिवस लागतात. पाइप दोन दिवसांत उभा राहतो."

"दोन दिसांत हुभा ऱ्हातो आन पाच महिन्यांत फाटतो."

हा टोला बाबांच्या जिव्हारी लागला असावा. त्यांनी त्याच दुपारी नवा आराखडा काढला. सगळा तपशील इथं देत नाही, वहीची बारा पानं आहेत. मुख्य बदल असा, की चारी भिंतींचा कागद गेला. त्या जागी गुडघ्याच्या वरपासून छपरापर्यंत ४० मेशची पांढरी कीटकजाळी आली. छपराचे दोन उतार आता एका रेषेत मिळत नव्हते. एक उतार दुसऱ्यापेक्षा दीड फूट उंच, आणि त्या दीड फुटाच्या उभ्या फटीला जाळी. तापलेली हवा वरच्या फटीतून निघून जाणार आणि खालून बाजूच्या जाळीतून ताजी आत येणार, धुराड्यासारखी. फटीचं तोंड पूर्वेला, कारण आमच्याकडं पावसाळी वारा पश्चिमेचा. छपराखाली दोरीवर सरकणारी ५० टक्के सावलीची शेडनेट, पडद्यासारखी.

"दाट करायची तेव्हा दाट, इरळ करायची तेव्हा इरळ," बाबा म्हणाले. "झाली तुझी शेवरी."

"दोरी कोण वढणार? शेवरीला दोरी लागत न्हाई."

जाळीवरून दोघांचं चांगलंच वाजलं. बाबांना आणखी बारीक, ५० मेशची हवी होती. पांढरी माशी ४० च्या जाळीतूनही घुसते, आणि एकदा घुसली की टोमॅटोची पानं आकसून झाड बसतं. आत्याचं म्हणणं, जाळीच बारीक केली तर वारा कुठून येणार. इथं ती बरोबर होती, आणि बाबांना ते ठाऊक होतं. जाळी जितकी बारीक, तितकी हवा अडते, मग तेवढाच वारा मिळवायला जाळीचं क्षेत्रफळ वाढवावं लागतं. बाबांकडं क्षेत्रफळ नव्हतं, पलीकडं भिंत होती. ४० वर तोड निघाली.

नवा कागद खात्रीच्या ठिकाणाहून आणला. त्याची यूव्हीची बाजू वर येईल असा, आणि वारा पडलेल्या सकाळी टाकायचा ठरला. टळटळीत उन्हात ताणला तर थंडीत आखडून फाटतो. कडेनं अॅल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये कागद घालायचा आणि त्यावर झिगझॅग स्प्रिंग दाबत जायची. अंगठ्याचं काम. पहिल्या दहा फुटांत माझा अंगठा सुजला, तेव्हा आत्यानं माझ्या हातातून स्प्रिंग घेतली आणि लव्हाळा बांधणाऱ्या बोटांनी उरलेली बाजू सरासर बसवली. बाबा बघत राहिले. काही बोलले नाहीत, पण चहा स्वतः करून आणला.

उत्तरेची एक बाजू उद्यावर राहिली. तिथं कागदाला दोन-चार विटा ठेवल्या होत्या.

त्याच संध्याकाळी वळीव आला, आणि आला तो पूर्वेकडून. बाबांनी पश्चिमेला पाठ करून जी फट ठेवली होती, तिच्यातूनच वारा आत घुसला आणि छपराखाली भरला. कागद फुगला, विटा चेंडूसारख्या उडाल्या. आम्ही तिघं धावलो. बाबांनी मोकळी कड दोन्ही हातांनी धरली आणि त्यांचे पाय जमिनीवरून सुटायला लागले.

"सोड!" आत्या ओरडली. "सोड त्याला, बाळू!"

त्यांनी सोडला. कागद फडाफडा वाजत उलटला, सीताफळाच्या फांदीत अडकून हातभर फाटला, आणि घरातली कोंडलेली हवा निघून गेली. पाइप एकही वाकला नाही. भिजलेले बाबा पडवीत येऊन म्हणाले, "बरोबर आहे. छत्री उलटली तर काडी मोडत नाही. धरून ठेवली तर मोडते." फाटलेल्या जागी दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावली, ती अजून आहे. पूर्वेच्या फटीला आता गुंडाळता येणारा एक पडदाही आहे. तो आत्याच्या सांगण्यावरून.

कागद नवा, जाळी नवी, तरी दुपारी आत ४१ व्हायचेच. बाहेरपेक्षा तीन अंश जास्त. बाबांनी फॉगर लावायचा बेत सांगितला. बारीक तुषार सोडायचे, ते हवेतच विरतात आणि विरताना हवेतली उष्णता ओढून घेतात.

"म्हंजे माठ," आत्या म्हणाली.

"माठच. पण माठासारखंच, हवा कोरडी असली तरच. जुलैत उपयोग शून्य."

त्याआधी त्यांना एक स्वस्तातला उपाय करून बघायचा होता. स्पेनच्या दक्षिणेला अल्मेरिया म्हणून भाग आहे. तिथं डोंगरापासून समुद्रापर्यंत सगळं प्लास्टिकच्या छपरांनी झाकलेलं आहे. तिथले शेतकरी उन्हाळ्यात छपराला पांढरा रंग देतात, चुन्याचा.

"चुना?" आत्यानं कमरेची चंची काढली. "पानाला लावायचा चुना कागदाला लावणार?"

"हो."

"आन काथ?"

तिला इतकं हसू आलं, की तंबाखूची चिमूट सांडली. पण दुसऱ्या दिवशी चुना कालवायला तीच बसली. किती पातळ हवा, हे बाबा वहीत शोधत होते. तिनं बोटानं पाहून सांगितलं. वापशासारखी ही गोष्ट आकड्यात बसत नाही, असं तिचं मत. छपराला हात मारला, दुपारी ३८. बाहेरच्याइतकंच.

"आता पाऊस आला की धुऊन जाणार," ती म्हणाली, तक्रारीच्या सुरात.

"जायलाच हवा," बाबा म्हणाले. "पाऊस येतो तेव्हा आभाळ भरतं. तेव्हा उजेड हवा असतो. चुना आपोआप निघून जातो."

आत्या थोडा वेळ छपराकडं बघत राहिली.

"ही शेवरी झाली," ती म्हणाली. महिनाभरातलं हे तिचं एकमेव शिफारसपत्र. अक्षय्य तृतीया करून ती मिरजेला गेली.

नागपंचमीला परत आली. तिचे आई-अण्णा गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे हेच घर. मावळातला पाऊस आपल्या रंगात होता. अंगणातले वाफे खरडून निघालेले, कोथिंबिरीच्या जागी चिखल, मेथी कुजून काळी. आत मात्र कोथिंबीर वीतभर, सरळ, कोरडी. बाजारात जुडी ४० रुपयांवर गेली होती आणि आई, जिनं त्या घराला कधी नाव दिलं नव्हतं, ती रोज सकाळी विळी घेऊन आत जायला लागली होती.

आत्यानं कोथिंबिरीची काडी मोडून वास घेतला. "वास हाय," ती म्हणाली. "मला वाटलं नसंल."

"मग? अजून भट्टी म्हणतेस?"

"न्हाई. हे इरलं हाय." पूर्वी भातलावणीला बाया पाठीवर घ्यायच्या ते. "पावसात वाकून काम करायचं तर इरलं पायजेच. पण इरलं घालून कुणी झोपत न्हाई. ह्ये काय झालंय बघ."

तिनं वाफ्याच्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला पांढरं लागलं. मी इतके दिवस त्याला चुन्याचे शिंतोडे समजत होते.

"मीठ फुटलंय. तुझ्या बोअरचं पाणी जड. पाणी वाफ होऊन जातंय, मीठ वर ऱ्हातंय. बाहेर पहिला पाऊस झाला की ते धुऊन खाली जातं. हितं पाऊस येऊच देत न्हाईस तू."

बाबांचा चेहरा उतरला. ते प्रत्येक गोष्ट मोजणारे, पण हे मोजायचं त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्यांनी छपराच्या उताराला अर्ध्या पाइपाची पन्हळ लावली आणि ती हिवाळ्यासाठी आणलेल्या त्या काळ्या पिंपांत सोडली. २०० चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला तर साडेचारशे लिटरच्या वर पाणी येतं. दोन पिंप रात्रीतच भरून वाहिले. मग आठवडाभर ते पाणी वाफ्यांना पाट भरून दिलं, मीठ खाली जाईपर्यंत.

"बाहेर ठेवलेला पाऊस आता बादलीनं आत आण," आत्या म्हणाली.

"आणतोय ना."

"अजून काय काय बाहेर ठेवलंयस?"

तेव्हा त्यांनी दोडक्याचं सांगितलं. लपवायचा विचार होता, असं मला वाटतं. मागच्या कोपऱ्यात दोरीवर दोडक्याचे दोन वेल छपरापर्यंत गेले होते. पानं पंजाएवढी, फुलं ढीगभर, दोडका एकही नाही. मादी फुलाच्या देठाशी करंगळीएवढं कोवळं फळ दिसायचं, तीन दिवसांनी पिवळं पडून गळायचं. बाबांनी खत बदललं, पाणी बदललं, बोरॉन फवारलं.

आत्यानं जाळीवर टिचकी मारली. बाहेरच्या बाजूला एक मधमाशी चालत होती.

"तिला दार दाखवलंस का?"

बाबा कपाळाला हात लावून खालीच बसले. टोमॅटो आणि ढोबळी मिरचीचं फूल आपलं आपण उरकतं, वाऱ्याच्या किंवा हाताच्या झटक्यानं. पॉलिहाउसची काकडी तर परागाशिवायच धरते, तशाच वाणाचं बी विकत मिळतं. दोडक्याचं तसं नाही. नर फूल वेगळं, मादी वेगळं, आणि मध्ये कुणीतरी लागतं. ४० मेशच्या जाळीनं माशी अडवली, तशी मधमाशीही अडवली.

"दार उघडं ठेव," आत्या म्हणाली.

"पांढरी माशी येईल."

"मग तूच माशी हो."

दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. त्या दिवशी दिवेलागणीला आम्ही तिघं बॅटरी घेऊन आत गेलो. आत्यानं दाराशी चपला काढल्या. या वेळी बाबांनीही काढल्या, न बोलता. बाहेर पावसाची रिपरिप, वर कागदावर तिचा आवाज दुप्पट. पिवळी फुलं अंधारात आधी दिसायची, मग वेल. नर फुलं घोसानं येतात, मादी एकटी. बाबांनी एक नर फूल खुडलं, त्याच्या पाकळ्या सोलल्या आणि टूलरूममध्ये डायलचा काटा टेकवावा तसं ते मादीच्या मध्यभागी हळूच टेकवलं.

"दाबू नको," आत्या म्हणाली. "हळद लावल्यागत."

पाच फुलं झाली. पाचव्या दिवशी तीन गळाली होती, दोन देठाशी घट्ट होती. बाबा व्हर्निअर घेऊन आत गेले आणि वहीत लिहिलं: क्रमांक १, जाडी १४.२ मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी १७.६. तिसऱ्या दिवशी आत्याला दाखवायला घेऊन गेले आणि बोट करून म्हणाले, "तो बघ, पानामागं."

तिनं झटकन त्यांचा हात खाली ओढला. "कोवळ्या फळाला बोट दाखवतात व्हय? कुजंल ना!"

"अक्का, बोटानं नाही कुजत. पराग मिळाला नाही की कुजतं. आणि लोकांनी बोट दाखवलेलं तेवढंच लक्षात राहतं."

"आसंल. बोट दाखवू नकोस."

"बरं."

"आन त्या चिमट्यानं मोजू पण नकोस. निदान मी हाय तवर."

बाबांनी व्हर्निअर खिशात टाकला. त्या संध्याकाळी वहीत क्रमांक १ च्या पुढं रेघ मारलेली आहे, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात अंदाजे २१.